'डिल्यूजन प्रेझेंट' एवढ्यावर भागत नाही

लालबागच्या एका चाळीतला बावीस वर्षांचा मुलगा माझ्यासमोर बसून पाढे म्हणत होता. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. कान जवळ नेला तेव्हा कळलं, सतराचा पाढा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. आई म्हणाली, "दोन महिने झाले ताई, दिवसभर हेच चाललंय. परीक्षेलाही बसला नाही." मी त्याला विचारलं, पाढे कशासाठी रे? बराच वेळ तो खिडकीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी मनात जे बोलतो ते वरच्या मजल्यावर ऐकू जातं. पाढा म्हटला की त्यांना पाढाच ऐकू येतो."

त्याच्या केसपेपरवर त्या दिवशी दोन शब्द होते : 'डिल्यूजन प्रेझेंट', म्हणजे भ्रम आहे. आणि त्याखाली निदान, स्किझोफ्रेनिया.

मी मुंबईत मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून १९ वर्षं काम करते आहे. या लेखातल्या कुणाचीही ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्या मुलाचं निदान पुढे बरोबरच ठरलं. तरीही ते दोन शब्द मला तेव्हा खटकले आणि आजही खटकतात. त्यात त्याचा पाढा कुठेच नव्हता. वर्षभर आधी त्यानं क्रिकेट सोडलं, मित्रांचे फोन घेणं बंद केलं, जेवायला बसला की घास हातात धरून बसायचा, यातलंही काही नव्हतं. एक चमत्कारिक समजूत सापडली आणि तिथेच शोध थांबला. माझं म्हणणं एवढंच आहे की भ्रम सापडला की शोध सुरू व्हायला हवा. मुंबईत तो बऱ्याचदा तिथेच संपतो, घरात, ओपीडीत आणि कोर्टातही.

आधी शब्दांचं बघू. भास आणि भ्रम हे आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. भास म्हणजे नसलेलं ऐकू येणं, दिसणं. भ्रम म्हणजे समजूत : पुरावा समोर ठेवला, जिवाभावाच्या माणसानं शपथ घेऊन सांगितलं, तरी जी तसूभरही हलत नाही अशी समजूत. आणि स्किझोफ्रेनियाला आपण जो छिन्नमनस्कता शब्द घडवला त्यानं आणखी एक घोटाळा केला. लोकांना वाटतं, एका माणसात दोन माणसं राहतात. त्या आजाराचा आणि या कल्पनेचा काही संबंध नाही. जपानमध्ये 'मन दुभंगण्याचा रोग' अशा अर्थाचं नाव होतं, ते त्यांनी २००२ साली बदलून टाकलं. आपल्याकडे तसं काही झालं नाही. मुंबईत तर शब्दाचीही गरज लागत नाही, "ह्याला ठाण्याला पाठवा" एवढं म्हटलं की पुरतं. १९०१ साली सुरू झालेल्या एका रुग्णालयामुळे एका अख्ख्या शहराचं नाव शिवीसारखं वापरलं जातं, आणि ते ऐकत लहानाचे मोठे झालेले लोक पुढे आपल्याच मुलाला उपचाराला न्यायला कचरतात.

ज्यांनी स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं त्या स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांचं म्हणणं मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९०८ साली त्यांनी स्किझोफ्रेनिया हा शब्द पहिल्यांदा मांडला आणि १९११ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते विचारांची साखळी तुटणं, भावना बोथट किंवा विसंगत होणं, मन एकाच वेळी दोन्हीकडे ओढलं जाणं आणि माणसानं स्वतःत मिटून जाणं हा आजाराचा गाभा. भ्रम आणि भास त्यांनी दुय्यम मानले. ते असतील किंवा नसतील. पुढे जर्मनीत कुर्ट श्नायडर यांनी १९३९ च्या सुमारास काही लक्षणांना 'पहिल्या दर्जाची' म्हटलं : आपले विचार इतरांना ऐकू जातात, कुणी आपल्या डोक्यात विचार घालतं किंवा काढून घेतं, आपलं शरीर दुसरंच कुणी चालवतं. माझ्या पाढेवाल्या मुलाचं लक्षण नेमकं यातलं. ही यादी सुटसुटीत होती, परीक्षेत लिहायला सोपी होती, आणि जगभरच्या डॉक्टरांनी ती उचलली. ब्लॉयलर यांचा गाभा मागे पडला आणि भ्रम पुढे आले.

इतके पुढे आले की अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या १९९४ च्या नियमावलीत, डीएसएम-४ मध्ये, भ्रम 'बिझार' म्हणजे अगदी अशक्य कोटीतला असेल तर लक्षणांच्या रकान्यात तो एकटाच पुरेसा धरला जाई. दुसऱ्या लक्षणाची गरज नाही. २०१३ साली डीएसएम-५ आलं तेव्हा ही सवलत काढून टाकण्यात आली. कारण साधं होतं. एखादा भ्रम बिझार आहे की नाही यावर दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होईना. आता भ्रम, भास, विस्कळीत बोलणं, विस्कळीत वागणं आणि मन-भावना-इच्छा ओसरत जाणं या पाचांतली किमान दोन लक्षणं लागतात, त्यांतलं निदान एक पहिल्या तिनांपैकी हवं. कामात, नात्यांत, स्वतःची काळजी घेण्यात घसरण दिसायला हवी आणि एकूण आजाराच्या खुणा सहा महिने टिकायला हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणानंही श्नायडरच्या यादीचं वजन कमी केलं. त्यांची मुदत एका महिन्याची आहे, पण एका लक्षणावर भागत नाही हे तिथेही आहेच.

हे सगळं पुस्तकात बदललं. केसपेपरवर पोचलेलं मला फारसं दिसत नाही.

बिझार कशाला म्हणायचं हा प्रश्न मुंबईत बसून सोडवून बघा. परळच्या बाजूला एका जुन्या पागडीच्या इमारतीत राहणारे साठीचे काका भावानं आणि पुतण्यानं ओपीडीत आणले. तक्रार अशी की काका म्हणतात बिल्डरची माणसं पाळत ठेवतात, पाणी तोडतात, जिन्यातला दिवा मुद्दाम काढून नेतात. रात्री दाराला बाक लावून झोपतात. भावाला 'सर्टिफिकेट' हवं होतं. मी घरी गेले. पाण्याच्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करून त्यावर साखळी आणि कुलूप होतं. जिन्यात वायर लोंबत होती, होल्डर नव्हता. खालच्या पानवाल्यानं आवाज खाली करून सांगितलं, "दोन पोरं रोज येऊन बसतात, मॅडम." पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर इमारतीत फक्त एकाची सही बाकी होती. काकांची. भावाची कधीच झाली होती. काका घाबरलेले होते, झोप उडालेली होती, पण भ्रम नव्हता. त्या बाकामागे झोपणारा माणूस या शहरातल्या हजारो भाडेकरूंइतकाच शहाणा होता.

अमेरिकेतही असं झालं आहे. वॉटरगेटच्या काळात, १९७२ साली, तिथल्या माजी ॲटर्नी जनरलची पत्नी मार्था मिचेल सांगत होती की सत्तेतली माणसं गैरकृत्यं करताहेत. तिला भ्रमिष्ट ठरवण्यात आलं. तिचं बरंच खरं निघालं, आणि डॉक्टरांच्या अशा चुकीला आज तिच्याच नावानं ओळखतात.

काकांची गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, कारण त्यात माझी चूक नाही. आता माझी चूक सांगते. घाटकोपरची चोवीस वर्षांची एक मुलगी, बीकेसीतल्या एका कंपनीत बॅक ऑफिसला. म्हणाली, मॅनेजर माझे मेसेज वाचतो. मला ते पटलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नजर ठेवतात हे कुणाला माहीत नाही? मी कामाचा ताण लिहिला, सुट्टी घ्यायला सुचवलं. काकांच्या घरी जशी गेले तशी तिच्या घरी गेले नाही, कारण तिचं म्हणणं शक्य कोटीतलं होतं. आठ महिन्यांनी आई तिला पुन्हा घेऊन आली. केसांच्या जटा झाल्या होत्या. लिफ्टमध्ये सातव्या मजल्याचं बटण पेटलं त्या क्षणी तिला कळलं होतं की सगळ्या ऑफिसला तिच्याबद्दल आदेश गेला आहे. बटण सगळ्यांनाच दिसत होतं. तिला त्यातून जो अर्थ लागला तो दुसऱ्या कुणालाच लागला नसता. त्या आठ महिन्यांत तिला औषध मिळालं असतं. मानसिक आजार उपचाराविना जितका लांबतो तितकं परत येणं अवघड होतं हे मी नव्या मुलींना वर्गात शिकवते.

दोन्हीकडे चूक एकाच जागी होती. काकांच्या घरच्यांनी आणि मी, दोघांनीही माणूस काय म्हणतो तेवढंच तोललं. ते शक्य आहे की अशक्य. कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञ-डॉक्टरांनी १९१३ सालीच सांगून ठेवलं होतं की भ्रम ओळखायचा तर समजूत कशी आली आणि कशी धरून ठेवली आहे ते बघा. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण संशयी नवऱ्याचं आहे : बायकोचे बाहेर खरोखर संबंध असले तरी नवऱ्याचा संशय भ्रम असू शकतो, कारण तो पुराव्यातून आलेलाच नसतो. खरंखोटं बघून निकाल लावता येत नाही. काकांना मी विचारलं होतं, "आज ती पोरं आली नाहीत तर?" ते म्हणाले, "मग आज बरी झोप लागेल." त्या मुलीला विचारलं, "बटण कुणीतरी चुकून दाबलं असेल तर?" तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीही कटात सामील असावे. या दोन उत्तरांत मला जेवढं कळलं तेवढं त्यांच्या तक्रारींतून कळलं नव्हतं. पण तिथवर पोचायला काकांच्या बाबतीत मला पाऊण तास लागला.

आणि समजा भ्रम नक्की आहे. तरी तो कशाचा? उन्मादात माणसाला आपण कोट्यधीश झालो असं वाटतं, तीव्र नैराश्यात आपलं आतडं कुजलं असं वाटतं. बाळंतपणानंतरच्या पंधरवड्यात एखादी बाई आपल्या बाळाला दुसऱ्याचं समजते, आणि ती तातडीची वेळ असते. गांजाची किंवा एमडीची नशा, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मिरगी, मेंदूची सूज, स्मृतिभ्रंश, कशातही भ्रम होतो. फक्त भ्रमाचाच असा वेगळा विकारही आहे, ज्यात माणूस बाकी नोकरी-संसार नीट करतो. आपल्यासारख्या देशांत तर अचानक सुरू होऊन काही आठवड्यांत पूर्ण ओसरणारे मनोविकार श्रीमंत देशांपेक्षा जास्त आढळतात. अशा माणसाच्या कागदावर पहिल्याच दिवशी स्किझोफ्रेनिया लिहिलं की तो बरा होऊन गेल्यावरही कागद राहतोच.

भाषेचा मुद्दा मला फार जिव्हाळ्याचा आहे, कारण मी मालवणी घरातली आहे. आमच्याकडे देवचार म्हणजे गावाचा राखणदार दिसणं, मूळ घराची बाधा, देवाला गाऱ्हाणं घालणं हे रोजच्या बोलण्यातलं. गिरणगावातली एखादी आजी "देवचारान वाट दाखवल्यान" म्हणाली तर ती आजारी नाही, ती आपल्या गावची भाषा बोलते आहे. परराज्यातून शिकायला आलेला, मराठीच जेमतेम कळणारा तरुण डॉक्टर हे ऐकून काय लिहील? त्याला दोष द्यायचा नाही, त्याला रात्रीची ड्यूटी करून सकाळी ओपीडी गाठायची असते. पण नवरात्रात अंगात येणारी बाई तासाभरानं कुंकू पुसून घरी जाते, पोरांचा डबा करते. तिच्या भोवतीची सगळी माणसं ते जाणतात आणि मानतात. 'शेजारणीनं करणी केली' हेही निम्म्या चाळीला पटण्यासारखं असतं. घरच्यांनाच ते विचित्र वाटू लागलं, तिची तीच आई म्हणू लागली की "ही आधी असं बोलत नव्हती हो," तिथे कान टवकारायचे. म्हणून आईला, बायकोला, शेजाऱ्याला विचारल्याशिवाय भ्रम ठरवताच येत नाही असं माझं ठाम मत आहे. आणि उलटही सांगते : करणी, बाधा म्हणत दर्ग्यात आणि मांत्रिकाकडे दोन-दोन वर्षं घालवलेली मुलंही मी पाहिली आहेत. श्रद्धेची भाषा आजाराला झाकून टाकते तेव्हा ती ओळखायलाही तीच भाषा यावी लागते.

कुणी म्हणेल, इतकं खोलात गेलो तर उपचाराला उशीर होईल. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सायकोसिस, म्हणजे भ्रम-भासांनी वास्तवाशी नातं सुटलेली अवस्था, असलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं होतं, आणि तुम्ही निदानाचा काथ्याकूट करत बसता? आक्षेप गंभीर आहे. पण गोळी सुरू करायला आजाराचं अंतिम नाव लागत नाही. सायकोसिस आहे एवढं लिहून, रक्त तपासून, औषध त्याच दिवशी देता येतं. स्किझोफ्रेनिया हा शब्द सहा महिने थांबू शकतो. रुग्णाला औषध लवकर हवं असतं. नावाची घाई बहुधा दुसऱ्याच कुणाला असते.

ती कुणाला असते ते कुटुंब न्यायालयाच्या पायऱ्यांवर कळतं. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात घटस्फोटाचं कारण म्हणून मानसिक विकारात स्किझोफ्रेनियाचं नाव घेऊन उल्लेख आहे. सुनेचा एक केसपेपर, त्यावर 'डिल्यूजन प्रेझेंट', आणि तिचं म्हणणं काय होतं? सासू जेवणात काहीतरी घालते. कदाचित भ्रम. कदाचित खरंच घालत असेल. कागदावर तिचं वाक्य नसतंच, फक्त आमचा शब्द असतो. राम नारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली सांगितलं आहे की स्किझोफ्रेनियाचा नुसता शिक्का पुरत नाही, विकार किती तीव्र आहे ते सिद्ध करावं लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं तिसरं कलम त्याहून पुढे जातं. समाजाच्या नैतिक, राजकीय, धार्मिक चालीरीतींशी एखाद्याचं जमत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, आणि पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज तो आजारी आहे असंही म्हणता येणार नाही. हे कलम माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. सर्टिफिकेट मागायला येणाऱ्या नातेवाइकांना मी ते वाचून दाखवते.

माझी मागणी मोठी नाही. रुग्णाचं वाक्य त्याच्याच भाषेत, जसंच्या तसं, केसपेपरवर लिहा. मराठीत म्हणाला तर मराठीत, भोजपुरीत म्हणाला तर भोजपुरीत, समोर बसलेल्या कुणाकडून तरी लिहून घ्या. 'डिल्यूजन ऑफ परसिक्यूशन', म्हणजे कुणी छळतंय असा भ्रम, हे त्याखाली खुशाल लिहा. मग सहा महिन्यांनी दुसरा डॉक्टर आला तर त्याला ते वाक्य पुन्हा तोलता येईल, चूक झाली असेल तर सापडेल. कायद्यानं रुग्णाला आपले कागद बघण्याचा हक्क आहे, त्यालाही त्यात स्वतःचा आवाज दिसेल. प्रत्येक नव्या रुग्णासाठी निदान एकदा घरी जाणारा समाजसेवक हवा. महापालिका आणि राज्य सरकार रुग्णालयांच्या इमारती उभ्या करतात, त्यात एक-एक एमआरआय मशीन येतं. स्किझोफ्रेनिया एमआरआयमध्ये दिसत नाही, रक्तात सापडत नाही. तो ऐकून आणि पाहून ओळखावा लागतो, आणि ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात. याचा मला राग येतो.

भ्रमावर सगळी मदार ठेवण्याचा तोटा निदानापुरताच राहत नाही. आपली औषधं भ्रम आणि भास बऱ्यापैकी आवरतात. ब्लॉयलर ज्याला गाभा म्हणत, ते मिटून जाणं, ते ओसरणं, त्यावर गोळीचा जोर फार चालत नाही. त्याला माणसं लागतात, काम लागतं, दिवसाला आकार लागतो. पण आरडाओरडा थांबला, संशय थांबला की घरच्यांना वाटतं, पोरगं सुधारलं. आणि ते नुसतं बसून राहतं त्याला म्हणतात, आळशी झालाय.

पाढे म्हणणारा तो मुलगा गेल्या महिन्यात आला होता. ओठ स्थिर होते. आई आनंदात होती, "बरा झाला हो ताई, पाढे कायमचे गेले." वरच्या मजल्याचं विचारलं तर तो म्हणाला, "नाही, आता काही नाही." केसपेपरवर 'डिल्यूजन ॲबसेंट' लिहून झालं होतं, तारीख तीन महिन्यांनंतरची पडली होती. मी विचारलं, "मग दिवसभर काय करतोस?" तो थोडा थांबला. "बसतो."

मी केसपेपरवर ते तसंच लिहिलं, आणि आईला बाजूच्या बाकावर बसवून विचारायला सुरुवात केली : उठतो किती वाजता, अंघोळीला किती हाका माराव्या लागतात, शेवटचं कुणाकडे स्वतःहून गेला ते कधी.